फुशारकी, बदनामी आणि हसू : ‘चश्मे बद्दूर’चे पुनर्वाचन

१

विनोदी कलाकृतीला ‘हलकीफुलकी’ हे विशेषण एकदा लावले की समीक्षेचे कर्तव्य संपले, असे मानण्याची सवय मराठी आणि हिंदी चित्रपटविचारात दीर्घकाळ दिसते. हे विशेषण वरवर कौतुकाचे असते. प्रत्यक्षात मात्र ते कलाकृतीला अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवते. जे हलके आहे ते तोलून पाहण्याची गरज उरत नाही. सई परांजपे ह्यांच्या ‘चश्मे बद्दूर’ (१९८१) ह्या चित्रपटाच्या वाट्याला असेच कौतुक आले. तो लोकप्रिय झाला, त्यातील प्रसंग आणि संवाद पिढ्यांच्या स्मरणात राहिले. परंतु परांजपे ह्यांच्या कर्तृत्वाचा विचार गांभीर्याने करावयाचा झाला की तो ‘स्पर्श’कडे वळतो. अंधशाळेच्या पार्श्वभूमीवरील ‘स्पर्श’ला उत्कृष्ट हिंदी चित्रपट, अभिनेता आणि पटकथा असे तीन राष्ट्रीय पुरस्कार लाभले होते. ‘दिशा’ (१९९०) हाही गिरणी कामगारांच्या जगण्याशी संबंधित असल्यामुळे ‘आशयघन’ ठरतो. ‘चश्मे बद्दूर’ मात्र ‘निखळ करमणूक’ ह्या कप्प्यात राहतो.

ही विभागणी केवळ विषयावर आधारलेली आहे. अपंगत्व, स्थलांतर, शोषण हे विषय गंभीर; दिल्लीच्या उन्हाळ्यात एका खोलीत राहणारे तीन तरुण, शेजारी आलेली मुलगी आणि पानवाल्याची उधारी हा विषय क्षुल्लक. विषयाच्या वजनावरून कलाकृतीचे वजन ठरविण्याची ही रीत साहित्यसमीक्षेने तत्त्वतः केव्हाच सोडली आहे. व्यवहारात ती टिकून आहे. प्रस्तुत लेखात ‘चश्मे बद्दूर’च्या रचनेचा विचार करून असे सुचवावयाचे आहे की, ह्या चित्रपटाचे गांभीर्य त्याच्या विनोदामागे दडलेले नसून विनोदाच्या बांधणीतच आहे. एका स्त्रीविषयी पुरुषांनी परस्परांना सांगितलेली खोटी गोष्ट हे ह्या बांधणीचे मूलद्रव्य आहे. ती गोष्ट चित्रपटात तीन वेळा, तीन रूपांत येते, आणि ह्या तीन आवर्तनांत हसण्याचाच अर्थ बदलत जातो.

२

‘दडलेली खोली’ हा शब्दप्रयोग समीक्षेत सैलपणे वापरला जातो. वरचा थर फसवा आणि खालचा खरा, असे त्यात गृहीत असते. खोलीची ही कल्पना किती अपुरी आहे, हे पुरातत्त्वविद्येकडून शिकण्यासारखे आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेकाठचे गाव त्याचे चांगले उदाहरण ठरावे. तेथील जगन्नाथ टेकडी ही गावाच्या नित्य परिचयाची होती. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. त्यात प्राचीन बौद्ध स्तूपाचे भव्य अवशेष, शिल्पांकित स्तंभ आणि ब्राह्मी लेख उजेडात आले. रोजच्या पायवाटेखाली विदर्भाच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण होते.

ह्या उदाहरणाचा उपयोग ‘खाली काहीतरी होते’ एवढेच सांगण्यासाठी केला तर तो अलंकारापुरता राहील. उत्खननाची शिस्त वेगळी आहे. सापडलेल्या वस्तूला अर्थ येतो तो ती कोणत्या थरात, कशाच्या सान्निध्यात सापडली त्यावरून. थरापासून तोडलेली वस्तू मुकी होते. म्हणून उत्खननात वरचा थर फेकून द्यावयाचा नसतो. त्याची नोंद घेतच खाली जावयाचे असते. विनोदी संहितेच्या वाचनालाही हीच शिस्त लागू पडते. विनोद बाजूला सारून त्याखालचा ‘संदेश’ वर काढला तर हाती येते ते एक सामान्य बोधवाक्य : ‘मित्रांनी खोटे बोलू नये’. ह्या बोधवाक्यासाठी चित्रपटाची गरज नव्हती. प्रेक्षक कोठे हसला आणि कोठे हसेनासा झाला, ह्याची नोंद ठेवूनच पुढील वाचन करावयास हवे.

३

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. सिद्धार्थ (फारुख शेख), ओमी (राकेश बेदी) आणि जोमो (रवी बासवानी) हे तिघे दिल्लीत एकत्र राहतात. सिद्धार्थ अर्थशास्त्राचा अभ्यासू विद्यार्थी. उरलेल्या दोघांचा वेळ सिगारेट, चित्रपट आणि मुलींच्या मागे फिरण्यात जातो. परिसरात नेहा (दीप्ती नवल) नावाची मुलगी दिसते. ओमी आणि जोमो तिच्यावर छाप पाडण्याचा वेगवेगळा प्रयत्न करतात. दोघेही फजीत होतात. आणि दोघेही परत येऊन आपण तिला कसे जिंकले ह्याच्या रसभरित हकिकती सांगतात. पुढे ‘चमको’ धुण्याची पावडर दारोदार विकणारी नेहा सिद्धार्थच्या दारात येते, दोघांचे प्रेम जमते. ही तीच मुलगी हे लक्षात येताच दोन्ही मित्र तिच्या चारित्र्याविषयी सिद्धार्थचे मन कलुषित करतात. सिद्धार्थ तिच्यापासून दूर होतो आणि कोलमडतो. पश्चात्ताप झालेले मित्र नेहाच्या आजीला (लीला मिश्रा) हाताशी धरून अपहरणाचा बनाव रचतात. हेतू हा की सिद्धार्थने तिला सोडवावे आणि दुरावा मिटावा. परंतु खऱ्याच गुंडांच्या हाती ती सापडते.

ह्या कथानकात असत्य तीनदा येते. पहिले असत्य म्हणजे फुशारकी. येथे दिग्दर्शिकेने हिंदी चित्रपटातील प्रणयगीतांच्या विडंबनाचा आधार घेतला आहे. मित्रांच्या थापा दृश्यरूप घेतात तेव्हा त्यांची भाषा, हावभाव, बागा, गाणी हे सारे उसने असते. ह्या तरुणांना स्वतःची इच्छादेखील स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही. लोकप्रिय चित्रपटांनी पुरविलेल्या साच्यातच ते स्वप्न पाहतात. प्रेक्षक मनमुराद हसतो, कारण थाप उघड आहे आणि तिच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही.

निदान तसे वाटते. दुसरे असत्य, म्हणजे बदनामी, येते तेव्हा ध्यानात येते की ह्यात नवे असे फारसे काहीच नाही. ज्या मुलीला ‘जिंकल्या’ची फुशारकी मारली, तीच आता ‘कोणाच्याही हाती लागणारी’ ठरते. वाक्य तेच, सांगणाऱ्याचा हेतू आणि ऐकणाऱ्याचे स्थान तेवढे बदलले. पुरुषाच्या पराक्रमाची गोष्ट आणि स्त्रीच्या बदनामीची गोष्ट ह्या दोन गोष्टी नाहीतच. एकाच गोष्टीच्या त्या दोन बाजू आहेत. चित्रपटाचे सर्वांत मार्मिक निरीक्षण हे आहे, आणि ते कोणत्याही पात्राच्या तोंडी भाषण म्हणून येत नाही. ते केवळ रचनेतून येते. पूर्वार्धात जो प्रेक्षक त्या थापांना हसला, त्याला उत्तरार्धात आपल्या हसण्याचा हिशेब द्यावा लागतो.

तिसरे असत्य सद्हेतूने रचलेले आहे. अपहरणाचा बनाव हा मित्रांच्या दृष्टीने प्रायश्चित्ताचा मार्ग आहे. पण तोही नेहाला न विचारता रचलेला, तोही लोकप्रिय चित्रपटातून उचललेला : नायिका संकटात, नायक धावून येतो. आणि तोही खरा होऊन बसतो. चित्रपटाचा हा शेवटचा भाग पाहताना त्याची लय ढासळल्याचे, तो प्रहसनाकडे झुकल्याचे जाणवते. हा आक्षेप पूर्णतः नाकारण्याचे कारण नाही. तरीही तीन असत्यांच्या क्रमात ठेवून पाहिले असता ह्या भागाची अपरिहार्यता दिसू लागते. पहिल्या असत्याने हसू निर्माण केले, दुसऱ्याने दुःख, तिसऱ्याने प्रत्यक्ष धोका. उसन्या कथांवर जगणाऱ्यांच्या हातून चांगले कृत्यही उसन्या कथेच्याच रूपाने घडते. आणि तिन्ही वेळा त्या कथेची किंमत मोजणारी व्यक्ती एकच असते.

नेहाच्या व्यवसायाची निवडही ह्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. ती डाग घालविणारी पावडर विकते. मराठीत चारित्र्याला ‘डाग लागतो’, हिंदीतही ‘दामन’ डागाळतो. डाग घालविण्याची वस्तू घेऊन दारोदार फिरणाऱ्या मुलीवर डाग लावला जातो तो ज्या दारात ती उभी राहिली त्याच घरात. शिवाय दारोदार विक्री करणे म्हणजे अनोळखी माणसांच्या घरात कामासाठी प्रवेश करणे. स्वकष्टाने चार पैसे मिळविण्यासाठी बाहेर पडलेल्या मुलीचे हे मोकळे फिरणे चित्रपट सहजपणे दाखवितो. बदनामी ज्या जमिनीत रुजते ती जमीन म्हणजे ह्याच मोकळेपणाविषयीचा समाजमनातील संशय.

शीर्षकही ह्याच दिशेने निर्देश करते. ‘चश्मे बद्दूर’ म्हणजे वाईट नजर दूर राहो. मराठीत म्हणावयाचे तर दृष्ट न लागो. लॉरा मल्व्ही ह्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चित्रपटातील ‘पाहणे’ हे पुरुषाकडे आणि ‘पाहिले जाणे’ हे स्त्रीकडे कसे वाटून दिलेले असते ह्याची मांडणी केली. परांजपे ह्यांच्या चित्रपटात पाहणारे पुरुष आहेतच. पण कॅमेरा त्यांच्या डोळ्यांनी नेहाकडे पाहण्यापेक्षा त्यांच्या पाहण्याकडेच अधिक पाहतो. हास्यास्पद ठरते ती त्यांची नजर. मुलीला लागलेली दृष्ट शेजाऱ्याची किंवा परक्याची नाही. ती मित्रांच्या खोलीतूनच लागते.

४

मराठी वाचकाला ह्या कथावस्तूत एक ओळखीचा धागा दिसावयास हवा. मराठी रंगभूमीवर संशय हा विनोदाचा आणि शोकाचा समान उगम राहिला आहे. गोविंद बल्लाळ देवल ह्यांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ रचले; आणि त्याच देवलांनी मोलिएरपर्यंत मूळ पोहोचणाऱ्या कथानकावरून ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले, जे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ ह्या रूपाने गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. एकाच नाटककाराने संशयाचे दोन्ही चेहरे मराठीत आणावेत ही घटना सूचक आहे. ‘झुंजारराव’मध्ये संशय हेतुपुरस्सर पेरला जातो आणि परिणाम मृत्यू होतो. ‘संशयकल्लोळ’मध्ये तो मुख्यतः योगायोगातून, एका तसबिरीच्या घोटाळ्यातून वाढतो आणि उलगडा होताच विरून जातो. कोणाचाच मोठा अपराध नसल्यामुळे प्रेक्षक निर्धास्तपणे हसतो.

‘चश्मे बद्दूर’ ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याचा तोंडवळा ‘संशयकल्लोळ’चा आहे, त्याची यंत्रणा मात्र ‘झुंजारराव’ची. संशय येथे अपघाताने उद्भवत नाही, तो पेरला जातो. आणि पेरणारे खलपुरुष नसून प्रेक्षकाला प्रिय झालेले दोन विदूषक आहेत. दुष्टाने केलेली बदनामी प्रेक्षक दुष्टाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. लाडक्या मित्रांनी केलेली बदनामी कोणाच्या खात्यावर टाकावयाची, हा प्रश्न विनोदी नाट्याच्या परंपरेत सहसा विचारला जात नाही.

हास्याच्या मीमांसेलाही येथे एक अडचण उभी राहते. आंरी बर्गसाँ ह्यांनी १९०० मध्ये मांडलेल्या उपपत्तीत पुनरावृत्ती हे हास्यनिर्मितीचे प्रमुख साधन आहे. जिवंत माणूस यंत्रासारखा तेच ते करू लागला की हसू येते, आणि हसण्यासाठी सहानुभूती क्षणभर थांबवावी लागते. परांजपे ह्यांनी ह्याच साधनाचा उलटा उपयोग केला आहे. त्यांच्या चित्रपटात पुनरावृत्ती हसू वाढवीत नाही, थांबवते. तीच थाप दुसऱ्यांदा ऐकू येते तेव्हा थांबविलेली सहानुभूती परत येते. एवढेच की तोवर उशीर झालेला असतो.

ही जाणीव परांजपे ह्यांच्याकडे कोठून आली, ह्याचे एकच उत्तर देता येणार नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील शिक्षण, आकाशवाणी व दूरदर्शनवरील काम आणि बालनाट्याचा दीर्घ अनुभव ह्यांनी त्यांची रचनेवरील पकड घडविली. ‘चश्मे बद्दूर’चे मूळही त्यांच्या ‘धुआँ धुआँ’ ह्या दूरदर्शनपटात आहे. त्यासोबत आणखी एका वारशाकडे लक्ष द्यावयास हवे. त्यांच्या आई शकुंतला परांजपे संततिनियमनाच्या कार्यात रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांच्या सहकारी होत्या. प्रभात कंपनीच्या ‘कुंकू’ (१९३७) ह्या चित्रपटात, फसवणुकीने वृद्धाशी लग्न लावल्या गेलेल्या तरुणीची बाजू घेणाऱ्या त्या वृद्धाच्या सुशिक्षित मुलीची भूमिका त्यांनी केली होती. ‘कुंकू’मध्येही मुलीविषयीचा निर्णय तिला न विचारता, असत्याच्या आधारे घेतला जातो. ‘कुंकू’ची नायिका त्याविरुद्ध उघड बंड करते. चव्वेचाळीस वर्षांनी कन्येने तोच प्रश्न विनोदाच्या अंगाने मांडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

५

कलाकृतीचा काळ तिच्या अर्थाचा भाग असतो. ‘चश्मे बद्दूर’ प्रदर्शित झाला त्याच्या आगेमागे स्त्रीच्या शब्दाची किंमत हा देशातील जाहीर वादाचा विषय झाला होता, आणि त्या वादाची सुरुवात विदर्भातून झाली होती. पवनीवरून वाहणारी वैनगंगा पुढे ज्या देसाईगंज परिसरातून जाते, तेथील पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. ‘मथुरा खटला’ म्हणून तो ओळखला जातो. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने मुलीलाच असत्यवादी ठरविले आणि तिच्या पूर्वायुष्याचा आधार घेत आरोपी पोलिसांना मुक्त केले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार ह्या चार कायदेतज्ज्ञांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर देशभर स्त्री संघटनांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. तथापि बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक’ असल्याचे दाखवून तिची विश्वसनीयता खोडून काढण्याची मुभा देणारे १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम रद्द व्हावयास २००२ साल उजाडावे लागले.

ह्या खटल्याचा आणि ‘चश्मे बद्दूर’चा कार्यकारण संबंध जोडावयाचा नाही. एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेला अन्याय आणि मध्यमवर्गीय प्रेमकथेतील दुरावा ह्यांची तुलना करणे अनुचितच ठरेल. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते दोन्हींमागील समान व्याकरणाकडे. स्त्रीविषयीचे कथन पुरुषांमध्ये घडते, पुरुषांमध्ये तपासले जाते, आणि तिच्या स्वतःच्या शब्दापूर्वीच तिच्या ‘चारित्र्या’चा निकाल लागतो. हे व्याकरण न्यायालयात येते तेव्हा भयंकर वाटते, कारण तेथे ते कायद्याची भाषा बोलते. मित्रांच्या खोलीत आणि पानाच्या ठेल्यावर ते थट्टेची भाषा बोलते, म्हणून ओळखू येत नाही. हे व्याकरण त्याच्या सर्वांत निरुपद्रवी ठिकाणी दाखविणे, हे ह्या विनोदिकेचे ऐतिहासिक काम आहे. गंभीर चित्रपटाला ते कदाचित साधले नसते. तेथे प्रेक्षक सुरुवातीपासूनच सावध बसतो.

६

चित्रपटाच्या मर्यादाही नोंदवावयास हव्यात. नेहाला बुद्धी, काम आणि विनोदबुद्धी आहे, पण बदनामीला उत्तर देण्याची संधी तिच्या वाट्याला फारशी येत नाही. तिची सुटका अखेर रूढ पद्धतीनेच होते. मित्रांना मिळणारी क्षमा स्वस्त आहे. विनोदिकेच्या रूपबंधाची ती अट असली तरी अपराधाचे वजन त्यामुळे कमी होते. शिवाय बदनामी खोटी होती म्हणून नेहा निर्दोष, हा निष्कर्ष एका अवघड प्रश्नाला बगल देतो : त्या गोष्टी खऱ्या असत्या तर?

परांजपे ह्यांच्या पुढच्याच चित्रपटात हा प्रश्न टाळलेला नाही. शं. गो. साठे ह्यांच्या ‘ससा आणि कासव’ ह्या नाटकावर आधारलेल्या ‘कथा’ (१९८३) मध्ये मुंबईच्या चाळीत पुन्हा एक थापाड्या येतो, आणि ती भूमिका करतो तो पूर्वीचा सरळमार्गी सिद्धार्थ, म्हणजे फारुख शेख. ह्यावेळी दीप्ती नवल ह्यांची संध्या खरोखरच त्याच्या थापांना भुललेली असते. ते ती राजारामला स्वतः सांगते, आणि राजाराम तिला स्वीकारतो. एका चित्रपटात पुरुषांनी सांगितलेले खोटे ऐकून नायक स्त्रीला सोडतो. दुसऱ्यात स्त्रीने सांगितलेले खरे ऐकून नायक तिच्यापाशी थांबतो. दोन्ही चित्रपट एकत्र वाचले तर परांजपे ह्यांच्या विनोदामागील सलग विचार स्पष्ट होतो. स्त्रीची गोष्ट कोण सांगतो, ह्यावर तिची प्रतिष्ठा अवलंबून राहते. आणि ती स्वतः सांगू लागली की ‘डाग’ ह्या शब्दाचा अर्थच विरघळू लागतो.

५ एप्रिल २०१३ रोजी डेव्हिड धवन ह्यांनी गोव्याच्या पार्श्वभूमीवर केलेला नवा ‘चश्मे बद्दूर’ आणि मूळ चित्रपटाची संस्कारित प्रत एकाच दिवशी प्रदर्शित झाल्या. त्यामुळे जुन्या चित्रपटाची चर्चा पुन्हा झाली. पण ती बहुतांशी साधेपणा, जुनी दिल्ली आणि हरवलेला काळ ह्यांच्या ओढीने झाली. स्मरणरंजन हीसुद्धा ‘हलकेफुलके’ म्हणण्याचीच एक आदरयुक्त रीत आहे. चित्रपटातील उन्हाळा, मोटारसायकल आणि कॉफी ही आज इतिहासजमा झालेली आहेत. मित्रांच्या घोळक्यात एखाद्या मुलीविषयी सांगितली जाणारी गोष्ट आणि त्यावर उठणारे हसू ही मात्र तशी झालेली नाहीत.